हुरड्यात गेलेलं वर्ष

दर वर्षी नवी मुलं आली की त्यांना सभागृहात बसवतात आणि समोर मला उभं करतात. विषय ठरलेला असतो, विद्यापीठाचा इतिहास आणि ओळख. बाकीचे प्राध्यापक हे काम शिताफीनं टाळतात, कारण मुलांचं सगळं लक्ष मेसमध्ये आज काय भाजी आहे याकडे असतं. मला मात्र ते आवडतं. एकदा माईक हातात आला की ही बाई सोडत नाही, असं आमच्या विभागातले लोक म्हणतात, आणि ते खोटं नाही.

मी सांगते की बाळांनो, तुम्ही बसला आहात ती जमीन शेतकऱ्यांची आहे. निजामाच्या राज्यात इथे सरकारनं प्रयोगाचं शेत काढलं. लोक त्याला 'फारम' म्हणत, आणि परभणीतले जुने रिक्षावाले अजूनही 'फारमला जायचं का' असंच विचारतात. मग शेतकीचं कॉलेज आलं. मग आमच्या मराठवाड्यातल्या लोकांनी, आम्हाला आमचं स्वतःचं कृषी विद्यापीठ पाहिजे म्हणून रस्त्यावर येऊन भांडण मांडलं आणि ते पदरात पाडून घेतलं. भोवतालच्या गावांनी जमिनी दिल्या, काहींनी खुशीनं, काहींनी तोंड वाकडं करून. हेही मी सांगते, कारण गोड गोड इतिहास मला पचत नाही. मग कापूस, ज्वारी, तूर, फळबागा, लाल कंधारी गाई, अवजारांची कार्यशाळा, गृहविज्ञानाच्या मुली, असं सगळं एकेक करून दाखवते.

शेवटी सांगते ती मे महिन्यातल्या बियाणं विक्रीची गोष्ट. त्या दिवशी पहाटेपासून इथे शेतकऱ्यांची रांग लागते. जागा धरायला कुणी चप्पल ठेवतं, कुणी दगड, कुणी सरळ घरच्या म्हातारीला बसवून चहाला जातं. दहा वाजता लोक झाडाखाली भाकरी सोडून बसतात आणि आमच्या कुलगुरूंच्या अंगणातून पाणी मागून आणतात. कुणाला संकोच वाटत नाही. जमीन आपली, बी आपलं, मग अंगण कुणाचं असणार?

हा जो आपलेपणा आहे ना, त्यानं माझं एक वर्ष खाल्लं. म्हणजे खरोखरच खाल्लं, तिळाच्या चटणीबरोबर. ते मी सभागृहात सांगत नाही, कारण मुलं नको ते शिकतात. इथे सांगते.

आमचं गाव देवगाव फाट्यापासून आत. चार एकर कोरडवाहू, त्यात आम्ही दोघं भावंडं. मी कृषीची पदवी घेतली आणि पुढे एम.एस्सी.ला नंबर लागला तेव्हा घरात मोठी पंचायत बसली. बाबांचा विरोध नव्हता, पण बाबांच्या वर त्यांची थोरली बहीण होती. माझी आत्या. बाबा तिला आक्का म्हणत, आणि तिच्यापुढे त्यांनी उभ्या जन्मात 'न्हाई' हा शब्द उच्चारला नव्हता. आत्याच्या नात्यातलं एक स्थळ माझ्यासाठी तयार होतं. मुलगा मानवतला जिनिंगमध्ये होता, चांगला होता, पण त्याच्या घरच्यांना थांबायला वेळ नव्हता. शेवटी बाबांनी मधला मार्ग काढला. दोन वर्षं शीक, ती संपली की त्याच उन्हाळ्यात लग्न. 'दोन म्हंजे दोन,' आत्या म्हणाली, 'वर एक दीस न्हाई.' बाबांनी मान हलवली. मीही हलवली. दुसरं करण्यासारखं काही नव्हतं.

माझा विषय ज्वारी. एक वाण होता, पाण्याचा ताण सोसणारा, हलक्या रानात तग धरणारा, पण त्याची भाकरी चावायला दाढा लागत. दुसऱ्याची भाकरी मऊ लुसलुशीत, पण जमीन जरा हलकी मिळाली की तो मान टाकायचा. या दोघांचं लग्न लावून बघायचं, हे माझं काम. आमच्या भाषेत त्याला संकर म्हणतात. थंडीत सकाळी उठून, कणसातल्या एकेका फुलाचे केसर चिमट्यानं काढायचे, मग दुसऱ्याचे पराग त्यावर टाकायचे. पहिल्या वर्षी मी हे केलं आणि त्यातून मूठभर बी मिळालं. दुसऱ्या वर्षी ते पेरलं. आता त्या झाडांच्या कणसांना बाहेरचा एक कणही पराग लागू नये म्हणून प्रत्येकावर कागदी पिशवी चढवायची, आणि पिकल्यावर जे बी मिळेल ते मोजायचं, तोलायचं, लिहायचं. तोच माझा प्रबंध. रब्बी ज्वारी वर्षातून एकदाच येते, त्यामुळे चुकायला जागा नव्हती.

घरी फोनवर बोलताना मी त्या तुकड्याला 'माझं शेत' म्हणायचे. सगळेच विद्यार्थी म्हणतात. माझं शेत फुलोऱ्यात आलंय, माझ्या शेतात पिशव्या चढवल्यात, माझं शेत दुधात आहे. माय ऐकायची आणि गावभर सांगायची, की पोरीला विद्यापीठानं रान दिलंय.

त्या वर्षी पाऊस लांबला, वाफसा उशिरा आला, पेरणी उशिरा झाली, आणि कणसं हुरड्याला आली ती नेमकी परभणीच्या उरुसात. आमच्या जिल्ह्यात उरूस म्हणजे जातपात न बघता सगळे जातात. पाळण्यात बसायचं, मिठाई घ्यायची, बांगड्या घ्यायच्या. फाट्यावरून जीप करून माझे लोक निघाले. बाबा, माय, आत्या, आणि जीपमध्ये जागा होती म्हणून गल्लीतल्या तिघी-चौघी. सकाळी बाबांचा फोन आला, 'आमी उरुसाला यायलोत. आधी तुजं शेत बघू, मंग पाळणे.'

मला फार आनंद झाला. कॉलेजात असताना घरचं माणूस भेटायला येतं म्हणजे काय, हे हॉस्टेलात राहिलेल्यालाच कळेल. मी त्यांना गेटवर घेतलं, मोठ्या रस्त्याच्या दोन्ही बाजूंची झाडं दाखवली, गोठ्यातले वळू दाखवले. आत्या एका कंधारी वळूपुढे थांबून म्हणाली, 'ह्याला बी शिकवतेत का?' मग मी त्यांना माझ्या तुकड्यावर नेलं. ज्वारी डोक्याच्या वर गेली होती, ओळीनं सगळ्या पिशव्या वाऱ्यावर हलत होत्या, आणि बाबा बांधावर उभे राहून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघत राहिले. मला त्यांचा चेहरा अजून आठवतो. आपल्या पोरीचं रान आपल्या रानापेक्षा सरस आहे हे त्यांना दिसत होतं, आणि त्याचा त्यांना राग नव्हता.

त्या दुपारी माझा सेमिनार होता. मी म्हटलं, लिंबाखाली बसा, मी तासाभरात येते, मग आपण चहा घेऊन उरुसाला जाऊ. आणि गेले.

मी नसताना काय घडलं ते मला नंतर मायनं सांगितलं, आत्यानं सांगितलं, शेतावरच्या राखणदारानं सांगितलं, आणि तिघांचंही सांगणं सारखंच निघालं. मी वळले तशी आत्या म्हणाली, 'पौषात कुणाच्या बी शेतात गेलं तर धनी हुरडा चारतो. भाचीच्या शेतात आलो, आन् कोरड्या हातानं जायचं का?' पौष महिना संपून गेला होता, पण ते आत्याला सांगणार कोण? आमच्याकडे हुरड्याच्या दिवसांत शेतात आलेला पाहुणा तसाच परत गेला तर त्याचं बोलणं धन्याला वर्षभर ऐकावं लागतं. बाबांना वाटलं, पोर अभ्यासात आहे, तिच्या ध्यानात आलं नसेल. तिची लाज आपण राखावी. जीपवाल्यानं टपावरच्या गोवऱ्या काढल्या. त्या मायनं माझ्या खोलीवर अंघोळीचं पाणी तापवायला आणल्या होत्या. हॉस्टेलात गोवऱ्या कुठे पेटवणार, हा प्रश्न तिला पडला नव्हता. बाबांनी बांधाच्या कडेला आगटी खणली, म्हणजे हुरडा भाजायचा खड्डा. आणि मग कणसं आणायला आत शिरले.

माझ्या तुकड्याच्या कडेनं दोन ओळी साध्या ज्वारीच्या होत्या. आम्ही त्या मुद्दाम लावतो, आतल्या झाडांना आडोसा म्हणून. त्या ओळी त्यांनी पोटभर खाल्ल्या असत्या तर कुणी हूं की चूं केलं नसतं. पण त्या कणसांवर पिशव्या नव्हत्या, आणि पाखरांनी त्यांत चोची घातल्या होत्या. आता पाखरांचं उष्टं थोरल्या बहिणीला कसं चारायचं? आत बघावं तर पोरीनं एकेक कणीस कागदात झाकून ठेवलेलं. बाबांचा ऊर भरून आला. ते मायला म्हणाले, 'बघ, पाव्हण्यासाठी झाकून ठिवलंय लेकरानं.' आणि त्यांनी विळा काढला.

मी परत आले तेव्हा लांबूनच धूर दिसला. मला वाटलं, कुणी पाचट पेटवलं असेल. जवळ आले तर लिंबाखाली गोल पंगत बसलेली. आत्या तळहातावर कणीस चोळत होती, माय फुंकर मारून कोंडा उडवत होती, मधे फडक्यावर तिळाची चटणी, लसणाची चटणी आणि गूळ. आमचा राखणदार, ज्यानं हे थांबवायचं, तोही मांडी घालून बसलेला आणि त्याच्या गालात घास. 'पोरीचं शेत हाय म्हनले,' एवढंच तो मला म्हणाला. आणि बाजूला माझ्या पिशव्या. मायनं त्या नीट घडी घालून, उडू नयेत म्हणून वर दगड ठेवला होता. 'परत कामाला येतेल,' ती म्हणाली.

बाबांनी भाजलेलं कणीस माझ्यापुढे धरलं. 'खा की. तुजंच हाय.'

मी पंपाच्या खोलीमागे गेले आणि भिंतीला टेकून हमसून हमसून रडले. दोन वर्षांची कमाई त्या आगटीत गेली होती, आणि आता माझ्याकडे तिसरं वर्ष नव्हतं. उन्हाळ्यात लग्न, मानवत, आणि प्रबंध अर्धा. कुणावर चिडावं हेही कळत नव्हतं. ज्यांनी मला शिकायला पाठवलं तेच पाहुणे होते, आणि त्यांनी माझी अब्रू राखायलाच हे केलं होतं. रडता रडता ती घडी घातलेली पिशव्यांची चळत डोळ्यांसमोर आली आणि मला हसू फुटलं. रडू आणि हसू असं एकदम मला तेव्हा पहिल्यांदा आलं.

तेवढ्यात सरांची स्कूटर वाजली. सर म्हणजे माझे गाईड. चारठाण्याकडचे, कमी बोलणारे. पिशवीची एक टाचणी वाकडी लागली तर दोन दिवस माझं तोंड न बघणारे. मी डोळे पुसून पळत आले, पण सर माझ्याआधी पोचले होते. त्यांनी आगटीकडे पाहिलं, माझ्या ओळींकडे पाहिलं, दगडाखालची चळत पाहिली. मग बाबा, ज्यांना यातलं काहीच माहीत नव्हतं, हसून म्हणाले, 'या साहेब, बसा. लय गोड हाय, गरम गरम खावा.'

पुढ्यात आलेल्या हुरड्याला चारठाण्याचा माणूस नाही म्हणू शकत नाही. सर बसले. त्यांनी मूठभर तोंडात टाकला आणि सावकाश चावला.

'कुठल्या ओळीतला आहे?' त्यांनी विचारलं.

कुणाला माहीत नव्हतं. जी मोठी दिसली ती कापली, असं बाबांनी सांगितलं. सरांनी मान हलवली आणि अगदी शांतपणे, रानातल्या माणसाला रानातल्या भाषेत समजावं असं, ते काय होतं ते सांगितलं. पिशव्या कशासाठी होत्या, त्या बियांचं काय होणार होतं, मुलीचं किती काम होतं. ऐकता ऐकता बाबांचा हात हवेतच थांबला. आत्यानं हातातलं कणीस हळूच खाली ठेवलं.

मायनं विचारलं, 'मंग आमी लेकराचा अभ्यास खाल्ला का वो साहेब?'

'हो,' सर म्हणाले. 'चटणी मात्र झकास आहे.'

आणि त्यांनी आणखी मूठभर घेतला. मी सरांना त्या दिवशी पहिल्यांदा हसताना पाहिलं. राखणदार घास गिळून चोरासारखा उठला, तर सर त्याला म्हणाले, बसा, आता उरलंय ते कशाला वाया घालवता.

आत जाऊन आम्ही पाहिलं. काही पिशव्या शिल्लक होत्या, पण प्रबंधाला पुरतील एवढ्या नव्हत्या. आदल्या वर्षीचं थोडं बी सरांनी शीतघरात मागे ठेवलं होतं. म्हणजे पुन्हा पेरता येणार होतं, पण ऑक्टोबरात, आणि हाताला लागणार पुढच्या उन्हाळ्याच्या तोंडाला. सरांनी हे बाबांना सांगितलं आणि स्कूटरला किक मारून निघून गेले.

बाबा बांधावर बसून राहिले. त्यांचा चेहरा मला बघवेना. मग आत्यानं विचारलं, 'मंग त्या मानवतवाल्यायला काय सांगायचं?'

बाबांनी मान वर केली नाही. 'मी खाल्लंय,' ते म्हणाले, 'मी भरून देतो. एक वरीस थांबतेत का इचार. न्हाई थांबले तर न्हाई थांबले.'

आत्या काहीतरी बोलणार होती, पण तिच्या पदराला अजून कोंडा चिकटलेला होता आणि सगळ्यात जास्त हुरडा तिनंच खाल्ला होता. संध्याकाळी आम्ही उरुसाला गेलो, आणि तिनं मला पाळण्यात शेजारी बसवून, पाळणा वर गेल्यावर माझा हात घट्ट धरला. भीतीनं धरला की आणखी कशानं, ते तिनं सांगितलं नाही. मानवतवाले थांबले नाहीत. त्या मुलाचं दुसरीकडे लग्न झालं आणि त्याचं छान चाललं आहे, हेही लिहून टाकते.

पुढच्या ऑक्टोबरात मी पुन्हा पेरलं. कणसं भरायला लागली तसे बाबा आठवड्यातून एकदा एस.टी.नं येऊ लागले, पाखरं राखायला. मी नको म्हटलं, राखणदार आहे म्हटलं. ते म्हणाले, त्यो बी त्यादिशी खायलाच बसला व्हता. गोफण घेऊन ते बांधावर बसत. दुपारी सरांबरोबर भाकरी खात. हळूहळू त्यांनी अख्खं विद्यापीठ पायाखाली घातलं. अवजारांच्या कार्यशाळेत जाऊन कोळपं दुरुस्त करून आणलं, फळबागेतून चिकूची दोन रोपं विकत घेतली, आणि गृहविज्ञानाच्या मुलींनी बनवलेली नाचणीची बिस्किटं खाऊन ती ज्वारीची का करत नाही म्हणून त्यांच्याशी वाद घातला. गावात ते 'आमच्या विद्यापीठात' असं बोलायला लागले. मी तिथे शिकते आहे हे सांगायला विसरत.

एकदा एक गाडी माझ्या तुकड्याशी थांबली. कुणीतरी बाहेरगावचे मोठे पाहुणे विद्यापीठ बघायला आले होते, आणि त्यांना हुरडा खायची हौस आली. मी शेजारच्या ओळीत वाकून काम करत होते, त्यामुळे त्यांना मी दिसले नाही. एक जण पिशवीवाल्या कणसाकडे हात करून म्हणाला, हे चांगलं दिसतंय. बाबा गोफण घेऊन उठले आणि त्यांच्या आणि ज्वारीच्या मधे उभे राहिले.

'कडंच्या दोन ओळी खावा,' ते म्हणाले. 'पाखराच्या उष्ट्या हायत, पर गोड हायत. पिशवीला हात लावायचा न्हाई. माज्या पोरीचं वरीस हाय त्यात.'

पाहुण्यांनी कडेचा हुरडा खाल्ला. बाबांनीच भाजून दिला, चटणीही दिली. मी ओळीतून बाहेर आले नाही, कारण माझे डोळे भरले होते आणि हातात पिशव्यांच्या टाचण्या होत्या.

मार्चमध्ये कणसं वाळली. ती एकेक कापून, खूण लावून, मी कापडी थैल्यांत भरली. बाबा कापत नव्हते, फक्त थैली धरत होते. विळ्याला त्यांनी त्या शेतात पुन्हा हात लावला नाही. सगळं भरून झालं तेव्हा उन्हं कलली होती. आम्ही बांधावर बसलो.

'झालं का समदं?' त्यांनी विचारलं.

'शेतातलं झालं. आता बी मोजायचं, लिहायचं, तोंडी परीक्षा द्यायची. उन्हाळ्यात संपेल.'

'आन् त्याच्या म्होरं?'

'पुढं काय, घरी यायचं,' मी म्हणाले. ते ठरलेलंच होतं. आत्यानं सेलूचं एक नवीन स्थळ बघून ठेवलं होतं.

बाबांनी मान हलवली. 'तुजं न्हाई इचारायलो,' ते म्हणाले. 'विद्यापीठाचं इचारायलो. ह्याच्या म्होरलं हितं शिकिवतेत का न्हाई?'

'शिकवतात. पीएच.डी. असते.'

'किती वरीस?'

खोटं बोलावं असं मला क्षणभर वाटलं. पण ज्वारीच्या बाबतीत या माणसाला फसवता येणार नव्हतं.

'तीन,' मी म्हटलं. 'कधी कधी चारही लागतात.'

बाबांनी गोफण गुंडाळून खिशात घातली, धोतर झटकलं आणि थैल्या उचलून डोक्यावर घेतल्या.

'बरं,' ते म्हणाले. 'आक्काला मी सांगतो.'